पुढच्या दुकानात बघते

आमच्या घरात दोन खाती आहेत. विजेचं बिल, बँकेचं पासबुक आणि जगातल्या एकूण घडामोडी हे खातं माझ्याकडे; आणि उरलेलं सगळं, म्हणजे खरं घर, ते हिच्याकडे. वाणसामान अर्थातच दुसऱ्या खात्यात मोडतं. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी पिशव्या धरण्यापुरता बरोबर असतो. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन, आणि चेहऱ्यावर बैलपोळ्याच्या दिवशी बैलाच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव. पण बैलाला डोळे असतात. त्यामुळे गेली चाळीस वर्षं मी एक अस्त्र अगदी जवळून चालताना पाहिलं आहे.

ही तूरडाळ तळहातावर घेते. फुंकर मारते. एक दाणा दाताखाली धरते. दुकानदार म्हणतो, "वहिनी, कालच आलाय माल." ही काही बोलत नाही. डाळ पोत्यात परत सोडते, हात झटकते आणि अगदी शांतपणे म्हणते, "राहू द्या. पुढच्या दुकानात बघते."

बस्स. एवढंच. मग आतल्या खोलीतून दुसरं पोतं येतं. त्या पोत्यात कालच आलेला खरा माल असतो. मघाचा जो 'कालचा' होता तो कुठल्या सालातल्या कालचा, हे विचारायचं नसतं.

ह्या अस्त्राबद्दल मी कधी विचार केला नव्हता. पोटात अन्न असलं की माणूस अन्नाचा विचार करत नाही, नवऱ्याच्या पोटात असलं तर मुळीच नाही. तो विचार मी केला लेण्याद्रीच्या डोंगरावर, जमिनीपासून चार फूट उंच, चार माणसांच्या खांद्यांवर बसून.

त्याचं असं झालं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं तर गिरिजात्मजाला येईन, असं हिने परस्पर कबूल करून टाकलं होतं. गुडघा माझा, नवस हिचा आणि पायऱ्या तीनशेच्या घरात. अष्टविनायकांपैकी डोंगरावर आणि तेही बौद्ध लेण्यात मुक्काम करणारा हा एकच गणपती. बाकीच्या सातांनी भक्तांच्या गुडघ्यांचा काही विचार केला आहे. पायथ्याशी डोलीवाल्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आपसांत एकदा पाहिलं, आणि दर सांगितला. तो दर माणशी नसून किलोवर असावा असा मला दाट संशय आहे.

शंभरेक पायऱ्या झाल्यावर मला लाज वाटू लागली. लाज घालवायचा आपला नेहमीचा उपाय म्हणजे गप्पा मारणं. पुढच्या डाव्या खांद्याचे मालक पिकल्या मिशांचे होते. मी विचारलं, "जड होतंय का हो फार?"

"न्हाई बाबा. तीन राशन हायेत तुम्ही. वर थोडं."

"तीन राशन म्हणजे?"

"आमच्या घरात माणसं पाच. माणशी पाच किलो. पंचवीस किलोचं एक राशन. ते वाडीवर न्यायला मी एकटाच असतो. हितं तर चौघं हाव."

मी मनात हिशेब केला. ब्याऐंशी भागिले पंचवीस. माणूस बरोबर होता. आजवर डॉक्टरांनी माझं वजन किलोत सांगितलं होतं, हिने ते 'काही लाज' ह्या परिमाणात सांगितलं होतं; पण राशनमध्ये माझं वजन पहिल्यांदाच झालं. एका कुटुंबाचा तीन महिन्यांचा दाणागोटा चपला घालून देवदर्शनाला चालला होता.

मग हळूहळू हकिगत निघाली. त्यांची वाडी जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अंगाला; महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती. रेशनचं दुकान खालच्या गावात. वाडीवरून उतरायला तास, ओझं घेऊन चढायला दीड. बरं, दुकान आहे म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. तिथे अंगठ्याचं यंत्र आहे. यंत्राला रेंज लागते. रेंज नसली की दुकानदार यंत्र घेऊन टेकाडावर जातो आणि त्याच्यामागे सगळं गाव अंगठे घेऊन जातं. तेवढ्यात ढग आला की सगळे खाली. नांगरट आणि भातलावणी करून करून अंगठ्याच्या रेघा पुसल्या गेल्या असतील, तर यंत्राच्या मते तो माणूस जन्मलेलाच नसतो. मग उद्या या.

आता गंमत पाहा. ह्याच तालुक्याच्या पूर्वेला खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आभाळाकडे तोंड करून बसल्या आहेत. जवळजवळ 880 कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश ह्या तबकड्यांनी पकडला, अशी बातमी जानेवारी 2023 मध्ये आली होती. मला फार अभिमान वाटला होता; मी ती दोनदा वाचून दाखवली होती. म्हणजे 880 कोटी वर्षांमागची दीर्घिका जुन्नर तालुक्याला ओळखते. एका म्हाताऱ्या बाईचा अंगठा मात्र त्याच तालुक्यात ओळखू येत नाही.

वर पोचलो. दर्शन झालं. ही प्रदक्षिणेच्या खटपटीत असताना मी त्या खांब नसलेल्या मोठ्या मंडपात भिंतीला टेकून बसलो. हा मंडप भिक्षूंच्या राहण्याचा विहार. मला एकदम आठवलं, की जुन्नरच्या लेण्यांमध्ये दोनेक हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. त्यात सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. देणारे कोण? राजा नव्हे, सेनापती नव्हे. 'धान्यिक श्रेणी'. म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांचा संघ. म्हणजे साध्या मराठीत, किराणा-भुसारवाले!

तेव्हा जुन्नर ही केवढी पेठ! नाणेघाटातून कोकणातल्या बंदरांचा माल वर यायचा, घाटावरचा खाली जायचा, आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे तो जकातीचा म्हणून आजही दाखवतात. हा सगळा व्यापार ज्या रस्त्याने चालायचा, त्या रस्त्याच्या आजूबाजूलाच माझ्या डोलीवाल्याची वाडी. त्याच्या पूर्वजांच्या अंगणावरून दोन हजार वर्षं पोती गेली. थांबलं त्यातलं किती, हा वेगळा प्रश्न. आजही तेच आहे. माथ्यावरून खाली काय येतं? हिरडा येतो, तो औषधवाल्यांकडे जातो. मध येतो, करवंदं येतात. पावसाळ्यात रानभाज्या येतात, आणि आम्ही पुण्यात ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सवाला जाऊन भारंगीची जुडी हातात धरून फोटो काढतो. आणि वर काय जातं? मी डोलीवाल्याला विचारलं होतं, "वाडीवर दुकान नाहीच का?"

"हाय ना. एकाच्या पडवीत हाय."

"काय मिळतं?"

"तंबाखू, चहापुडी, साबण, पोरांचं कुरकुरं. तेल असलं तर असतं. बिस्किटं असत्यात."

ही बिस्किटं मी अशा पडव्यांतून पाहिली आहेत. पुड्याचा रंग नामांकित बिस्किटाचा, वरचं चित्रही जवळजवळ तेच, नावात फक्त एक काना इकडचा तिकडे. शहरात जो माल कुणी हातात धरणार नाही, त्याला डोंगर चढायचा फार उत्साह असतो.

ह्यावर आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, ह्यात अन्याय कसला! जिथे गिऱ्हाईक तिथे दुकान. माझ्या ओळखीचा एक किराणा दुकानदार आहे, सज्जन मनुष्य. त्याला मी नंतर विचारलंदेखील, की बाबा रे, तिकडे एखादी शाखा का काढत नाहीस? तो म्हणाला, "काका, तिथे दुकान टाकलं तर गिऱ्हाईक दहा, त्यातले नऊ उधारीवाले. टेम्पोचं भाडं मालापेक्षा जास्त. मी खाऊ काय?" त्याचं काही चुकलं नाही. टेम्पोवाल्याचं चुकलं नाही. रेंजवाल्या कंपनीला विचारा, तिचंही चुकलेलं नसतं. ज्या गुन्ह्यात कुणाचंच चुकलेलं नसतं, त्याला आपण 'परिस्थिती' म्हणतो आणि झोपायला जातो.

पण परिस्थितीसुद्धा कुणीतरी बांधलेली असते, कधीकधी सिमेंटकाँक्रीटमध्ये. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जातं, पार अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांपर्यंत. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, द्राक्षं आली, नारायणगावचा टोमॅटोचा बाजार देशात गाजला. चांगलंच झालं, मी ती कोशिंबीर रोज खातो. पण आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिलं, ते आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलं, आणि त्याच्याबरोबर खोऱ्यातली आदिवासींची भातखाचरं गेली. ज्यांची खाचरं बुडाली, ते डोंगर चढून वर गेले. पाणी खाली गेलं. पाण्यामागे पैसा गेला, पैशामागे दुकान गेलं. दुकानदार बिचारा शेवटून पहिला. त्याच्या आधी बरेच जण निवड करून मोकळे झाले होते.

साहेबलोकांच्या देशांतही हे आहे बरं का. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात ह्याला 'फूड डेझर्ट' म्हणू लागले, म्हणजे अन्नाचं वाळवंट. अमेरिकेतल्या शहरांत काळ्या लोकांच्या वस्त्यांतून मोठी दुकानं गाशा गुंडाळून गेली. मागे उरली ती दारू, सिगारेट आणि वेफर्सची टपरी. मग लोक म्हणाले, तिथे चांगली दुकानं काढा म्हणजे झालं. काही अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब करून 2019 साली सांगितलं, की गरीब-श्रीमंतांच्या खाण्यात जो फरक आहे, त्यातला फार तर दहा टक्के फरक दुकान जवळ आणल्याने कमी होईल. हे वाचल्यावर माझ्यासारख्या माणसाला हायसं वाटतं. चला, दुकानाचा प्रश्न नाही म्हणजे! पण उरलेले नव्वद टक्के कशात आहेत? खिशात आहेत, शिक्षणात आहेत, वर्षानुवर्षं जे मिळालं तेच आवडून घेण्याच्या सवयीत आहेत. म्हणजे वाळवंट दुकानापुरतं नाही, चांगलं लांबरुंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. हायसं वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आणि आम्ही तरी काय जन्मापासून निवडक तूरडाळ खात होतो? 1972 च्या दुष्काळात मी वडिलांबरोबर रेशनच्या रांगेत उभा राहिलेला आहे. अमेरिकेचा तो लालभडक मिलो! त्याची भाकरी घशाखाली उतरताना अमेरिकेचे उपकार तेवढे वर येत. पण त्या रांगेत कोण नव्हतं? आमच्यामागे हेडमास्तर, त्यांच्यामागे पोस्टमास्तर, पुढे मोलकरीण. गहू खराब निघाला, की हेडमास्तर इंग्रजीतून तक्रार लिहीत आणि पुढच्या खेपेला सगळ्यांचाच गहू सुधारे, मोलकरणीचासुद्धा. पुढे 1997 मध्ये सरकारने रेशनचे दारिद्र्यरेषेवरचे आणि खालचे असे दोन भाग केले, 1999 पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली, आणि आम्ही रांगेतून बाहेर पडलो. गरिबाचं गरिबाला मिळावं, हेतू चांगलाच. पण रांगेतून आमच्याबरोबर आमची कुरकूरही निघून गेली. ज्या रांगेत हेडमास्तर नसतो, त्या रांगेतल्या गव्हाला कुणाची भीती?

आता 2013 च्या कायद्याने माणशी पाच किलो धान्य हक्काचं आहे, 2023 पासून ते फुकट आहे, आणि ते नसतं तर काय झालं असतं ह्याचा विचारही नको. पण त्या पंचवीस किलोंत डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. 2020 च्या टाळेबंदीत सरकारने आदिवासी कुटुंबांना खावटी अनुदान ठरवलं, चार हजारांचं. निम्मं रोख, निम्मं वस्तूंत. त्या वस्तूंच्या यादीत मटकी होती, चवळी होती, तूरडाळ, शेंगदाण्याचं तेल, साखर होती आणि गरम मसालाही होता. यादी वाईट नव्हती. गरम मसाला घालणाऱ्या अधिकाऱ्याला तर माझा नमस्कार आहे. गरिबाच्या जिभेचा विचार फाइलीत सहसा होत नाही. पण यादी केली कुणी? जो खाणार नव्हता त्याने. आमच्या घरची यादी दुसऱ्या कुणी केली, तर ही त्याला बोळवून परत पाठवील.

इथे माझ्या पोटात जरा कालवलं. कारण त्याच 2020 साली आमच्या सोसायटीनेही 'डोंगरातल्या बांधवांसाठी' धान्य गोळा केलं होतं. जिन्याखाली मोठं खोकं ठेवलं होतं. लोकांनी उदार अंतःकरणाने कपाटं साफ केली. मुदत संपत आलेल्या शेवया आल्या, नातवाने न खाल्लेले ओट आले, कस्टर्ड पावडरीचे तीन डबे आले. आणि आमच्या घरातून गेली एक किलो तूरडाळ. ती टाळेबंदीत न पारखता घेतलेली होती. तिला जाळी लागली होती, आणि दुकानदार परत घेईना. ही म्हणाली, "टाकू या का?" मी म्हणालो, "टाकतेस कशाला? खोक्यात देऊ." वर हेही म्हणालो, "ते लोक निवडून घेतील."

खाली उतरताना मी डोलीवाल्यांना विचारलं, टाळेबंदीत कुणी मदत आणली होती का? "आली होती की! टेम्पो भरून. लोकं लई चांगली. पिवळी पावडर होती, दुधात घालायची म्हणं." मागचा तरुण डोलीवाला हसला. "दूध कुठनं आणायचं, ते नव्हतं लिव्हलं." मग पिकल्या मिशा म्हणाल्या, "डाळ मातूर किडकी होती. पण आता कुणाला बोलायचं? देणाऱ्याला किडकी कसं म्हणायचं?"

ती डाळ आमचीच असेल असं नाही. टेम्पो अनेक गेले असतील, वाड्या अनेक आहेत. पण आमची डाळही कुठल्यातरी वाडीवर गेलीच. जी वस्तू आम्हाला 'नको' म्हणता आली, ती 'नको' म्हणता न येणाऱ्याच्या घरी गेली. आणि तिच्याबरोबर मी पुण्याचा हिशेबही मांडला होता.

तेव्हा मला हिच्या त्या अस्त्राचा अर्थ कळला. चांगलं दुकान म्हणजे गार हवा आणि ढकलगाडी नव्हे. जिथे गिऱ्हाइकाला 'हे नको, दुसरं दाखवा' म्हणता येतं, ते चांगलं दुकान. आणि असं म्हणता येतं कधी? पुढे आणखी एक दुकान असलं तर. ज्याच्या पुढे डोंगर आहे, तो काय म्हणणार? 'पुढच्या डोंगरावर बघतो'? माणसाला खायला मिळालं की त्याचा प्रश्न सुटला, असं आपल्याला वाटतं. पण नुसतं मिळतं ते जनावरालाही. माणसाला नाकारायलाही मिळालं पाहिजे. ह्याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिला आणि चिरडला गेला. हा माल नको, एवढंच त्याचं म्हणणं होतं. डिंभ्याच्या जलाशयाला त्याचं नाव दिलं आहे. त्या पाण्याच्या काठावर राहणाऱ्यांना मात्र 'हा माल नको' म्हणायची सोय अजून व्हायची आहे.

पायथ्याला डोली टेकली. ही आधीच उतरून काकडीवाल्या बाईशी वाटाघाटीत गुंतली होती आणि "राहू दे ग, पलीकडे बघते" इथपर्यंत प्रकरण आलं होतं. मी ठरलेले पैसे दिले. वर काहीतरी द्यावं असं फार वाटत होतं. मनात किडकी डाळ होती ना! शेजारच्या टपरीवरून चार बिस्किटाचे पुडे घेतले आणि 'घरी पोरांना न्या' म्हणून पुढे केले.

तरुण डोलीवाल्याने पुडा उलटा केला, नाव नीट वाचलं आणि मला परत दिला.

"हा नको, काका. ह्यात काना चुकलाय. त्या पलीकडच्या दुकानात खरा मिळतो, तो घ्या."

क्षणभर मला राग आला. दानाच्या बिस्किटाला दात... असं काहीतरी मनात आलंसुद्धा. आपल्या उपकाराला कुणी नावं ठेवली, की आपल्यातला सावकार कसा दचकून जागा होतो पाहा! मग मी हिच्याकडे पाहिलं. हिने काकडी खाली ठेवली होती आणि त्या पोराकडे, आपल्या शाळेतला हुशार विद्यार्थी भेटावा तशी कौतुकाने बघत होती.

मी निमूटपणे पलीकडच्या दुकानात गेलो. पिशवी धरायची सवय आहेच मला.